दिवाळीनंतरची शाळा

फराळाचे डबे तळाला लागतात, अंगणातल्या रांगोळ्या पायांखाली पुसट होत जातात, आणि आमच्या बीड जिल्ह्यातले रस्ते एकदम भरून वाहायला लागतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, गाठोडी, जळण, कोंबड्यांचं डालगं, एखादी बांधलेली शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. सगळे निघालेले असतात पश्चिमेकडं, कारखान्यांच्या मुलखात, ऊस तोडायला. पोरं हसत असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत असतात. मी रस्त्याच्या कडेला उभी असले की त्या चेहऱ्यांत माझ्या वर्गातला एखादा चेहरा दिसू नये म्हणून खाली बघते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपते, मी कुलूप काढते, खिडक्या उघडते, आणि अर्धा वर्ग येत नाही. या शांततेची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. कारण ही शांतता मला शिक्षिका झाल्यावर भेटलेली नाही. ती मी चौथीत असल्यापासून ओळखते.

आमचं गाव मांजरसुंब्यापासून आत, घाटमाथ्यावर. शाळा म्हणजे एक दगडी खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. तिसरी-चौथी आत, पहिली-दुसरी पडवीत, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर गुरुजींची खुर्ची. सगळ्या शाळेला गुरुजी एकच. ते धर्मापुरीकडचे, बायकोला घेऊन गावातच खोली करून राहायचे. गावातली म्हातारी माणसं निजामाच्या काळच्या सवयीनं शाळेला अजून 'मदरसा'च म्हणायची. 'पोरं मदरशात गेलीत का?' असं कुणी विचारलं की आम्हाला हसू यायचं.

जमीन मातीची होती. शनिवारी आम्ही मुली शेणानं सारवायचो, मुलं आडावरून घागरी आणायची. सोमवारी आत पाऊल टाकलं की त्या वाळलेल्या सारवणाचा वास यायचा, आणि बसल्यावर तरटाच्या पट्ट्यांची नक्षी पायांवर उमटायची. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. दुपारी मोठ्या पातेल्यात सुकडी शिजायची, तिचा गोडसर, थोडा करपट वास पाढ्यांमध्ये मिसळायचा. पाटी थुंकीनं पुसली की गुरुजींचा हात कानाकडं यायचा. तरी आम्ही थुंकीनंच पुसायचो. पेन्सिलींचे तुकडे खायचो. पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की गुरुजी शिकवायचं सोडून नुसते आमच्याकडं बघत बसायचे आणि आम्ही त्यांच्याकडं.

सगळ्यात जवळचा वाटायचा तो पाढ्यांचा आवाज. संध्याकाळी सगळी शाळा एका सुरात पाढे म्हणायची. तो आवाज ओढ्यापर्यंत जायचा, शेतातली माणसं त्यावर वेळ ओळखायची. दिवाळीनंतर हाच आवाज एकदम बारीक व्हायचा. पहिल्या दिवशी तर आम्हीच दचकून थांबायचो. आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायला लागला की पोरांना भीती वाटते.

गावात घराघरांच्या दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या असायच्या. मागं राहायची म्हातारी माणसं, कुत्री, आणि आमच्यासारखी थोडी घरं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं म्हणून आम्ही राहायचो. मी शाळेत राहिले आणि बाकीच्या गेल्या, यात माझ्या हुशारीचा काही संबंध नव्हता. दुकान होतं, एवढंच.

छबू माझ्या शेजारी बसायची. तिचे आईबाप दरसाल तोडीला जायचे, आणि तीही जायची. उन्हाळ्यात परत आली की मागचं सगळं भराभरा भरून काढायची. तिचं वाचन ऐकण्यासारखं होतं. आम्ही धडा वाचायचो म्हणजे एकेक शब्द उचलून ठेवायचो. छबू वाचायला लागली की पडवीतली पहिलीची पोरंसुद्धा गप्प व्हायची. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा पाण्याची घागर घेऊन चाललेली बाई खिडकीशी थांबली आणि धडा संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

त्या वर्षी गुरुजींनी मनावर घेतलं. आम्हा दोघींना चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं. दिवाळीआधी ते छबूच्या घरी गेले, ओट्यावर बसले. मी आणि छबू भिंतीआड.

"दगडू, या साली पोरीला ठेव. तुझा बाप आहे घरी. त्याच्याजवळ राहील."

छबूचा बाप म्हणाला, "म्हाताऱ्याला धड दिसत न्हाई गुरुजी. ह्येनं तिला बघायचं का तिनं ह्येला?"

आतून आजा ओरडला, "मी बघीन! ठिव पोरीला. मदरशात जाऊ दे."

छबूची आई तेव्हा पोटुशी होती. तिच्या मदतीला छबूची आत्या बरोबर जाणार होती, त्यामुळं जमलं. बाप हो म्हणाला. भिंतीआड छबूनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं उमटली.

तो हिवाळा मला अजून अंगावर आठवतो. शाळूची ताटं कमरेला लागलेली, सकाळी त्यांच्यावर दव, आणि गुरुजी आम्हाला शाळेच्या भिंतीला टेकून उन्हात बसवायचे. पोरं इतकी थोडी की चारही वर्ग एका सतरंजीएवढ्या उन्हात मावायचे. छबू उशिरा यायची. आडाचं पाणी, आज्याची भाकर, शेळीचा पाला, सगळं करून. तिच्या मनगटाला पीठ लागलेलं असायचं. गुरुजी तिला कधी बोलले नाहीत. ती आली की फक्त म्हणायचे, "बस. आता सुरू करू."

देवळात संध्याकाळी पोथी व्हायची. वाचणारा माणूसही तोडीला गेला होता, त्यामुळं ती बंद पडली होती. एके दिवशी गुरुजींनी छबूला देवळात नेलं आणि पोथीपुढं बसवलं. म्हातारी माणसं कुरकुरली. पोरीच्या जातीनं पोथी वाचायची का, असं कुणीतरी म्हणालंही.

"मग तुम्ही वाचा," गुरुजी म्हणाले.

कुणी उठलं नाही. छबूनं वाचायला सुरुवात केली. समईचा उजेड तिच्या कपाळावर. समोर घोंगड्या पांघरून बसलेली ती सगळी माणसं, ज्यांची लेकरं-सुना दूर कुठंतरी उसात होती. ओव्या कळत होत्या की नाही कोण जाणे, पण कुणी खोकलंही नाही. छबूचा आजा खांबाला टेकून बसायचा. त्याला पोथी दिसत नव्हती आणि नातही दिसत नव्हती. नुसता आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसायचा. रोज संपल्यावर शेजारच्याला विचारायचा, "झ्याक वाचती न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायचा, "लई झ्याक."

पौषात एका दुपारी छबूचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

आम्ही आधी ओळखलंच नाही. रापलेला, दाढी वाढलेली, अंगातल्या सदऱ्याला उसाच्या पानांनी बारीक चिरा पडलेल्या. छबू धडा वाचत होती. बापाला बघून तिचा चेहरा फुलला, आणि मग तो का आला असेल हे तिला माझ्याआधी कळलं.

"दगडू? मध्येच कसा आलास?" गुरुजी उठले.

"पोरगा झाला गुरुजी."

"अरे वा! मग?"

"आत्याला ताप भरला. तिला तिच्या सासरी लावून दिलं. लेकराला बघाया कुणी न्हाई. छबीला न्यायला आलतो."

गुरुजी खाली बसले. पुन्हा उठले. "परीक्षा तोंडावर आलीय रे. परीक्षा होऊ दे. मी स्वतः आणून सोडतो तिला, जिथं असाल तिथं."

"तवर लेकराला कुठं ठिवू?"

"बायकोला घेऊन ये इकडं. थोडे दिवस."

"नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात गुरुजी. ती आली तर मी एकटा काय तोडू? मुकादम टोळीत ठिवल का मला?"

"मग लेकरू माझ्या घरी आण. आम्ही सांभाळतो."

"अंगावर पितंय ते."

छबूचा बाप उंबऱ्याकडं बघत हळूच म्हणाला, "परवा पाचटावर निजवलं व्हतं. आमी तोडत पुढं गेलतो. गाडी भराया आली, डायवर मागं घेत व्हता. त्येला काय दिसतंय? लेकराच्या आईनं बोंब ठोकली म्हणून... चाक हितं व्हतं, अन् लेकरू हितं." त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले. त्या हातांमधलं अंतर मला आजही दिसतं. "तुमी शिकलेली माणसं हाव. तुमीच सांगा, म्या काय करावं? तुमी सांगाल ते करतो."

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. गुरुजी भांडले असते, जिंकले असते. पण तो खरंच विचारत होता. आणि गुरुजी, ज्यांना सगळं येतं असं आम्हाला वाटायचं, हातातल्या खडूकडं बघत उभे होते. बाहेर शाळूवर पाखरं उठवायला कुणीतरी डबा वाजवत होतं, तेवढाच आवाज.

छबू म्हणाली, "गुरुजी, धडा राहिलाय."

"हं?"

"थोडाच राहिलाय. पुरा करू?"

गुरुजींनी मान हलवली. तो धडा समुद्राचा होता. आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता. आम्हाला पाणी माहीत होतं ते आडाच्या तळाचं, दोराला वर ओढून घ्यायचं. छबू वाचायला लागली. लाटा येतात, किनाऱ्यावर फुटतात, मागं सरतात, पुन्हा येतात. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. ती भराभर वाचत नव्हती, मुद्दाम सावकाशही वाचत नव्हती. रोज वाचायची तशी वाचत होती.

तिच्या बापानं तिला वाचताना कधी ऐकलं नव्हतं. आधी तो उभा होता. मग चौकटीला धरून उकिडवा बसला. मग खांद्यावरचा टावेल त्यानं तोंडाला लावला.

धडा संपला. छबूनं पुस्तक मिटलं, पाटी पिशवीत घातली.

"रोज असंच वाचती व्हय?" बापानं विचारलं.

"रोज," गुरुजी म्हणाले.

तो तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता तो म्हणेल, राहू दे हिला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. पण तो उठला, टावेल झटकला आणि म्हणाला, "चल बाई. यष्टी जाईल."

घरून बांधून आणलेलं तिचं गाठोडं उचलून गुरुजी फाट्यापर्यंत गेले. मागं आम्ही सगळी शाळा. छबू एसटीच्या खिडकीत बसली. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "आज्याला भाकर करून ठिवली आज. उद्याचं तुमी बगा." दुसरं काही नाही. गाडी गेली, धूळ उडाली, धूळ बसली, आणि गुरुजी तिथंच. मग एकदम आम्हाला म्हणाले, "चला, पाढे म्हणत चला." त्यांनी स्वतः सुरुवात केली, दोन ओळी म्हटल्या, आणि पुढं त्यांना म्हणता येईना. आम्हीच म्हणत आलो.

संध्याकाळी आजा काठी टेकत देवळात आला आणि आपल्या खांबाला टेकून बसला. पोथीपुढं गुरुजी बसलेले. त्यांनी एक अध्याय सुरू केला. थोड्या वेळानं आजा उठला. म्हणाला, "गुरुजी, तुमी चांगलं वाचता. पर आज ऱ्हाऊ द्या." आणि काठीनं वाट चाचपत गेला. त्याच्या भाकरीचं आमच्या घरातून बघितलं जाऊ लागलं. मी डबा घेऊन जायची. तो विचारायचा, "आज मदरशात काय वाचलं?" मी सांगायची. त्याचं लक्ष नसायचं.

मी परीक्षेला गेले. येताना गुरुजींनी मला पेरू घेऊन दिला. पुढं मला शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी गावात पेढे वाटले. गुरुजींनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. हातात धरून बसले, आणि मी तिथून हलेपर्यंत तसाच धरून होते.

छबू उन्हाळ्यात परत आली. कडेवर भाऊ. हातांवर, गालांवर बारीक पांढरे ओरखडे. गुरुजींनी तिला चौथी पास केलं. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, चालत जायची. मी जायला लागले. ती पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत आली, भाऊ रडायला लागला तशी मागं फिरली. मी सातवीत असताना तिचं लग्न झालं. मांडवात हळदीनं ती ओळखू येत नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर ती तोडीला गेली ती कुणाची लेक म्हणून नाही, एका कोयत्याचा अर्धा भाग म्हणून.

मी शिकत गेले, शिक्षिका झाले. ऑर्डर मिळाली तेव्हा गुरुजींना भेटायला धर्मापुरीला गेले होते. निवृत्त होऊन ते तिथंच राहत होते. जुन्या देवळाच्या ओट्यावर बसलो. मी विचारलं, "गुरुजी, पोरं निघाली की काय करायचं?"

ते म्हणाले, "त्यांच्या दारात जायचं."

"आणि?"

"आणि काय? मी सगळी नोकरी तेच केलं. जायचो, बसायचो, बोलायचो. एखादं पोर राहायचं. बाकीची जायची." मग म्हणाले, "तुला काही वेगळं सुचलं तर मला सांग."

मला अजून काही सुचलेलं नाही. आता हंगामी वसतिगृह आहे, मोबाईल आहेत. दिवाळीआधी मी दारोदार फिरते. काही आया ऐकतात. काही म्हणतात, "बाई, पोरगी मोठी व्हायला लागली. तिला माघारी ठिवून मला फडात झोप येईल का?" एखादं पोर तिकडून फोन करतं. "बाई, आज काय शिकवलं?" मी सांगायला लागते, तेवढ्यात रेंज जाते.

या दिवाळीत माहेराहून शाळेच्या गावी, उमापूरच्या बाजूला निघाले होते. मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. धाब्यांसमोर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. माणसं चहा पीत होती, गाणी लावलेली. एका ट्रॉलीजवळून कुणीतरी माझं लहानपणचं नाव घेऊन हाक मारली. गावातल्या पोरी मला ज्या नावानं हाक मारायच्या ते नाव.

"वळखलं न्हाई व्हय गं? छबू हाय मी."

तिचे केस पांढरे झालेले. माझेही झालेत, पण मी रंगवते. कमरेला हात लावून उभी होती. म्हणाली, पिशवी काढून टाकली, तवापासून कंबर धरती. इतक्या सहज म्हणाली की जणू दात काढला. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या बाया हे असंच सांगतात. गर्भाशय हा शब्द कुणी वापरत नाही.

"मुलं?"

"पोरगा हाय सोबत, त्यो बघ गाडीवर. पोरगी दिली."

"दिली म्हणजे? केवढी होती?"

"आठवीत व्हती." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "लई हुशार व्हती. पर आमी इकडं, ती तिकडं एकली. पोराटोरांनी वाट अडवायला सुरुवात केली. मी कुणाच्या भरवशावर ठिवू? तूच सांग."

बालविवाहाचा कायदा मला पाठ आहे. मी वर्गात सांगते, भिंतीवर लिहिते, पालकांच्या सभेत बोलते. छबूसमोर त्यातला एक शब्द मला उच्चारता आला नाही.

तीच म्हणाली, "जाऊ दे. तू बाई झालीस न्हवं? मला कळलं व्हतं. बरं वाटलं बघ."

"तू वाचतेस का गं काही?" मी विचारलं, आणि विचारू नये ते विचारलं असं लगेच वाटलं.

ती हसली. "डोळ्याला दिसत न्हाई आता जवळचं. अन् वेळ कुठाय."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. ती धडपडत ट्रॉलीकडं गेली, गाठोड्यात हात घातला आणि परत आली. फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या दोन भाकरी आणि ठेचा. "धर. तुझ्या गाडीला उशीर हाय. लई वाळलीस बघ तू."

"अगं, तुम्हालाच पुढं..."

"धर म्हणते ना. पहाटंच्या हायेत. मऊ हायेत अजून."

पोरानं वरून हात दिला, कुणीतरी खालून ढकललं, आणि ती गाठोड्यांच्या मध्ये जाऊन बसली. पदर डोक्यावर घेतला. ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीवरच्या पोरांनी हात केले, मीही केला. तिनं केला नाही. ती कंबर धरून बसायला जागा करत होती.

माझी गाडी बऱ्याच वेळानं आली. खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर ते फडकं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेराहून आणलं का?" मी हो म्हटलं. भूक लागली होती. सकाळी चहावर निघाले होते. फडकं सोडलं, एक घास मोडला. त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. घास हातात धरून बसले. बीड गेलं, गेवराई आलं. ती भाकर मला खाववेना, आणि फडक्यात परत बांधून ठेववेना.